तो शर्ट तू स्वतः नेऊन दे

प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांपैकी साडेतीन पानं त्या रात्रीची आहेत आणि उरलेल्या अर्ध्या पानात तीन प्रश्न. ती साडेतीन पानं मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तुझ्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवली. प्रश्न मात्र एकदाच वाचले आणि पत्र बाजूला ठेवलं. खरं सांगतो, राग आला होता. तुझ्यावर कमी, जास्त माझ्यावरच. हेच तीन प्रश्न तुझ्या वयात मलाही पडले होते. तेव्हा मी त्यांची जी उत्तरं काढली, ती अजून मला सोडत नाहीत.

शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर पावसात मोटरसायकलची चेन तुटली. वस्तीवरच्या मुलाने गाडी ढकलत अंगणात आणली. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजींनी पिठलं-भाकरी वाढली, कोरडा शर्ट दिला, पडवीत अंथरूण घातलं. सकाळी तोच मुलगा ट्रॅक्टरवर बसवून तुला चेन आणायला घेऊन गेला आणि पैसे घेतले नाहीत. आणि रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "पाहुणे, तुम्ही काय करता?" तेव्हा, पाळक असूनही, तू म्हणालास, "विमा कंपनीत आहे."

पुढचं तू दोनच ओळींत उरकलं आहेस, पण मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. आजी उठून आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पॉलिसीचे कागद घेऊन आल्या. मालक वारल्यापासून कुणी नीट वाचून दाखवले नाहीत, म्हणाल्या. आणि तू ते टॉर्चच्या उजेडात वाचलेस आणि "शाखेत जाऊन विचारा, काहीतरी मिळेल" असं सांगितलंस.

तू घाबरलास, याबद्दल मी तुला बोलणार नाही. हवा कशी आहे ते मला कळतं. परक्या वस्तीवर, रात्री, एकट्याने 'मी ख्रिस्ती पाळक आहे' म्हणायला आज जे धैर्य लागतं, ते माझ्या काळात इतकं लागत नव्हतं. प्रभूने शिष्यांना पाठवताना कबुतरांसारखं निरुपद्रवी व्हायला सांगितलं, त्याच वाक्यात सापांसारखं चतुर व्हायलाही सांगितलं. भीती हे पाप नाही.

तू विचारतोस, खोटं बोललो त्याचं काय करू. विचारतोस, येत्या उपासनेत याची साक्ष देऊ का, म्हणजे देवाने हे माझ्यासाठी केलं असं मंडळीपुढे सांगू का. आणि विचारतोस, शर्ट परत पाठवताना त्याबरोबर नवा करार भेट म्हणून ठेवू का. शर्ट तू धुऊन, इस्त्री करून ठेवला आहेस आणि त्या बाजूला जाणारा कुणी भेटला की त्याच्या हाती द्यायच्या विचारात आहेस.

या तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे. तुला ते उपकार अंगावर ठेवायचे नाहीत. त्यांची कशी तरी परतफेड करून मोकळं व्हायचं आहे. क्षमा मागून, साक्ष देऊन नाहीतर पुस्तक देऊन. आणि मी तुला सांगतो आहे की फेडायचं नाही. घेतलंस ना? मग घेणाराच राहा.

हे म्हणायला सोपं आहे. आमच्या घरात ते सोपं नव्हतं, म्हणून थोडं माझ्या वडिलांविषयी लिहितो.

वडील सुवार्तिक होते. नेवासे, शेवगाव, पाथर्डी असा सगळा भाग पायी आणि सायकलवर. बाप्तिस्मा घेऊन आमच्या घराण्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण गावाच्या लेखी आम्ही महारवाड्यातलेच. वडील उपदेश करून आले की तहान लागलेली असायची आणि लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे. भांडं द्यायचे नाहीत. हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वडिलांनी त्यावर स्वतःपुरता एक नियम केला: कुणाच्या दारात काही मागायचं नाही, कुणी दिलं तरी घ्यायचं नाही, आपली भाकरी आणि आपली पाण्याची बाटली आपल्या पिशवीत. तो नियम त्यांनी मला दिला तेव्हा मी तो मानाचा मानला. अजूनही मानतो. ज्या माणसाला पाणी असं दिलं गेलं, त्याने आपली बाटली जवळ बाळगली तर त्यात चूक काय?

चूक माझी झाली. मी तो नियम पुढे असा वापरला की त्याची जागा कुठली हेच विसरलो.

मी नव्याने कामाला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. पाथर्डीच्या बाजूला एका गावाबाहेर माळावर पारध्यांची पाच-सहा पालं होती. फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावांच्या मनातून गेला नाही. चोरी कुठेही होवो, पोलीस आधी पालावर. मी तिथे कुणाच्या सांगण्यावरून गेलो होतो, बोललो, प्रार्थना केली. आणि पाऊस आला. एका म्हातारीने मला पालात ओढलंच म्हण. तीन दगडांच्या चुलीवर बिनदुधाचा चहा ठेवला, जर्मनच्या ताटलीत अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला.

मी म्हणालो, "नको मावशी, माझा डबा आहे." डबा नव्हता. सकाळीच संपला होता. तोंडातून आलं ते वडिलांचं वाक्य.

ती ताटली तशीच हातात धरून बसली. मग म्हणाली, "आमच्या घरचं नाई चालत का तुमाला? देवाच्या माणसाला पन?"

मी तेव्हा काहीतरी गडबडीत बोललो, पोट ठीक नाही वगैरे. चहा घेतला, भाकरी घेतली नाही. पाऊस उघडल्यावर निघालो. एसटीत बसल्यावर मला कळलं की वडिलांच्या ओंजळीत ज्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांच्या रांगेत मी आज जाऊन उभा राहिलो. तिला काय ठाऊक माझे वडील कोण होते? तिला एवढंच दिसलं की चांगल्या कपड्यातला माणूस तिच्या घरचं खात नाही. तिने आयुष्यभर तेच पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी मी मुद्दाम तिथे गेलो. तिथे जेवायचंच, असं ठरवून गेलो. माळावर पालं नव्हती. काळी पडलेली चुलीची दगडं होती. गावात विचारलं, तर त्यांना कुणी कुठे हाकललं ते सांगायला कुणी तयार नव्हतं. त्यानंतर मी कित्येक वर्षं यात्रा-बाजारांमध्ये, मढीच्या यात्रेतसुद्धा, पारध्यांच्या पालांवर डोकावून तिला शोधलं. सापडली नाही. ती अर्धी भाकरी मी या जन्मात खाऊ शकत नाही.

योहानाच्या चौथ्या अध्यायावर मी नंतर पुष्कळदा उपदेश केला. विहिरीवर त्या शोमरोनी बाईला प्रभू पहिलं वाक्य काय म्हणतो? 'मला प्यायला पाणी दे.' शिकवायला सुरुवात करायच्या आधी त्याने मागितलं. ज्यांच्या भांड्यातलं यहुदी पीत नसत, तिच्याकडे मागितलं. तिथवर आलो की मला पुढे बोलता येत नसे. मंडळीला वाटायचं पाळकसाहेब प्रार्थनेत आहेत.

म्हणून तुला पुन्हा सांगतो. तू भाकरी खाल्लीस, हे तू बरोबर केलंस. माझ्यापेक्षा चांगलं केलंस. आता ती भाकरी फेडायला जाऊ नकोस.

साक्षीचं घे. तू लिहितोस, 'देवाने त्या अंधारात माझ्यासाठी दूत ठेवले होते, हे मंडळीला सांगितलं तर विश्वास वाढेल.' थांब जरा. आमचा थोरला झाला त्या रात्री मी वीस मैलांवर एका गावात सभेला होतो. घरी तुझ्या काकू एकट्या. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारचे मुसलमान टेम्पोवाले भाऊ उठले, बायकोला बरोबर घेतलं, टेम्पोत गाद्या टाकल्या आणि काकूंना दवाखान्यात पोचवलं. सकाळी मी येईपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसून होते. त्यांचा भाजीचा फेरा बुडाला.

पुढच्या रविवारी मी व्यासपीठावरून हे सगळं सांगितलं. 'देवाने आपला दूत पाठवला' असं सांगितलं. लोकांचे डोळे पाणावले. माझेही. नंतर तेच मी आमच्या एका मासिकासाठी लिहून पाठवलं आणि ते छापूनही आलं. मंडळीतल्या कुणीतरी ते त्या भावांना वाचून दाखवलं. एका संध्याकाळी दारात उभ्या उभ्या ते मला म्हणाले, "पाळकसाहेब, दूत कशाला? मी शेजारी होतो की."

रागाने नाही म्हणाले. पण त्यानंतर आमच्यात एक अंतर पडलं ते पडलंच. मी त्यांच्याकडून त्यांची गोष्ट काढून घेतली होती. झोपेतून उठायचं, फेरा बुडवायचा, हे त्यांनी ठरवलं होतं. मी ते त्यांच्या हातून घेऊन देवाच्या नावावर मांडलं आणि माझ्या उपदेशात वापरलं. देवाचं त्यात काही नव्हतं असं मी म्हणत नाही. सगळं त्याचंच आहे. पण माणसाने आपल्या मनाने केलेलं चांगलं काम त्याच्या नावाने न सांगणं, यात देवाचा गौरव होतो असं मला आता वाटत नाही.

त्यानंतर मी अशा गोष्टी व्यासपीठावरून सांगणं सोडलं. त्याची किंमत मी मोजली आहे. वार्षिक सभेत प्रत्येकाने कामाचा अहवाल द्यायचा असे आणि अहवालात 'साक्षी' हव्या असत. माझा अहवाल एका पानाचा. कुणी कोरडा म्हणालं, कुणी म्हणालं याच्या कामात अग्नी नाही. माझ्यामागून आलेल्यांना शहरातली मोठी उपासनामंदिरं मिळाली, मी खेड्यांत राहिलो. मुलांच्या शाळेचे हाल झाले, ते तुझ्या काकूंनी सोसले. मी जीप नाकारली, मोटरसायकलचा भत्ताही बरीच वर्षं नाकारला आणि एसटीनेच फिरलो. यावरून घरात वाद व्हायचे आणि अजूनही अधूनमधून होतात. माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे: एसटीत माणूस दुसऱ्यावर अवलंबून असतो. शेवटची गाडी चुकली की कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वाहाणा घेऊ नका असं सांगून पाठवलं आणि पुढे म्हटलं, जे वाढतील ते खा. गरिबीचं व्रत म्हणून त्याने ते सांगितलं, असं मला वाटत नाही. तुम्ही रिकामे गेलात तरच लोक तुम्हाला काही देऊ शकतील, म्हणून ते सांगितलं. सगळं बरोबर घेऊन जाणाऱ्या माणसाला कोण काय देणार?

मुक्कामी गाडीत मी किती रात्री काढल्या असतील. गावात रात्री येऊन सकाळी सुटणारी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे, गावातून कुणीतरी त्यांना कालवण-भाकरी आणून द्यायचं. कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर कागद पसरून त्यातलं मला वाढायचे आणि मागचं लांब सीट झोपायला द्यायचे. त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी नगर आणि पुण्यादरम्यान धावली, हे आम्ही नगरची माणसं अभिमानाने सांगतो. मी त्याबरोबर मनात हेही म्हणतो की तिच्यावर माझं निम्मं सेवाकार्य चाललं. तू म्हणशील, काका पुन्हा एसटीवर आले. हो, आलो. कारण मी तेव्हा बरोबर होतो. मुलांच्या बाबतीत बरोबर होतो का, हे मुलांना विचार.

आता नव्या कराराचं. तू टिळकांचं उदाहरण दिलं आहेस आणि ते चांगलं दिलं आहेस. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते, डब्यात एक गोरा प्रवासी भेटला आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका अनोळखी माणसाने दिलेल्या पुस्तकामुळे मराठी ख्रिस्ती मंडळीला तिचा कवी मिळाला, मग मी का नको देऊ, असं तू विचारतोस.

तीच गोष्ट पुन्हा सावकाश वाच. तो माणूस आधी टिळकांशी संस्कृत काव्यावर बोलला. त्या काळात एका हिंदुस्थानी माणसाशी बरोबरीने, आदराने बोलला. पुस्तक नंतर आलं. आणि त्याने टिळकांकडून काही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते पुस्तक कशाची परतफेड नव्हतं. तू जेव्हा त्या आजींच्या शर्टाच्या घडीत पुस्तक ठेवशील, तेव्हा त्यांना काय वाचता येईल? 'तुम्ही जेवू घातलंत त्याबद्दल हे.' किंवा त्याहून वाईट: 'तुमच्यात काहीतरी कमी आहे म्हणून हे.' त्या माळकरी बाई आहेत. आषाढीला दारावरून दिंडी गेली तर पन्नास माणसांना वाढत असतील. तुला वाढताना त्यांनी काही वेगळं केलं नाही. त्यांच्या घरात ती रोजची रीत आहे. त्या रीतीला उत्तर म्हणून तू शुभवर्तमान पुढे केलंस, तर शुभवर्तमान लहान होईल.

सांगायचं नाही असं नाही. पुढे कधी त्यांनीच विचारलं तर मनापासून, सगळं सांग. तू पाळक आहेस. पण शर्टाबरोबर नको. ऐकतो आहेस ना? शर्टाबरोबर नको.

प्रेषितांच्या कृत्यांचा अठ्ठाविसावा अध्याय काढ. गलबत फुटलंय, २७६ माणसं पाण्यातून मलिता बेटाच्या किनाऱ्याला लागली आहेत, पाऊस आणि गारठा. बेटावरचे लोक पौलाला ओळखत नाहीत, त्याच्या देवाला ओळखत नाहीत. ते शेकोटी पेटवून सगळ्यांना जवळ घेतात. आणि पौल काय करतो? काटक्या गोळा करून आणतो आणि त्यांच्या विस्तवात घालतो. तिथे तो तीन महिने राहिला, आजाऱ्यांवर हात ठेवले, ते बरे झाले. पण हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तिथल्या एकाही उपदेशाची नोंद केलेली नाही. एवढा बोलका पौल, पण लूकला त्या बेटावरची शेकोटी लिहावीशी वाटली. मी हा अध्याय तरुणपणी कितीतरी वेळा वाचला, दर वेळी विस्तवातून निघून पौलाच्या हाताला डसलेल्या सापाच्या गोष्टीवर थांबलो आणि काटक्यांवरून डोळा पुढे गेला.

तेव्हा आता काय करायचं ते सांगतो, आणि या बाबतीत माझ्याशी वाद घालू नकोस.

शर्ट कुणाच्या हाती पाठवू नकोस. स्वतः जा. उन्हं उतरल्यावर जा, पण अंधार पडायच्या आत, म्हणजे माणसं शेतातून परतलेली असतील आणि कुणाला संशयाचं कारण राहणार नाही. मोटरसायकलने जायचं तर जा, तुझ्यावर माझी एसटी लादत नाही. हातात मिठाईचा पुडा नको, पुस्तक नको, फळं नकोत. फक्त शर्ट. काकू म्हणतात कॉलरचं बटण सैल झालं असेल तर तेवढं लावून घे.

त्याआधी एक काम आहे आणि ते चुकवायचं नाही. त्या पॉलिसीचं. तू विमा कंपनीतला नाहीस, पण तू त्यांना विमा कंपनीतला माणूस म्हणून सल्ला दिलास आणि त्या त्यावर विसंबल्या असतील. कदाचित एव्हाना कुणाला तरी घेऊन तालुक्याला जाऊनही आल्या असतील. तू शाखेत जा, खिडकीवर उभा राहा, मालक वारल्यावर वारसाने दाव्यासाठी कोणता अर्ज भरायचा, मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, बँकेचं पासबुक असं काय काय लागतं ते नीट विचारून कागदावर मराठीत लिहून घे. हे मी फेड म्हणून सांगत नाही. हा तुझ्या खोट्याचा हिशेब आहे, आणि तो तुझाच आहे. भाकरीचा हिशेब मात्र मांडायचा नाही. या दोन्हींची गल्लत केलीस की सगळं पुन्हा बिघडेल.

मग वस्तीवर जाऊन पहिल्यांदा खरं सांग. 'आजी, मी विमा कंपनीत नाही. मी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. त्या रात्री भीती वाटली म्हणून खोटं बोललो.' एवढंच. क्षमेवर व्याख्यान नको. का भीती वाटली, देशात काय चाललंय, त्यात जाऊ नकोस. सांगून गप्प राहा.

त्या काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. कदाचित चेहरा बदलेल. कदाचित मुलगा आत निघून जाईल. तसं झालं तर शर्ट ओट्यावर ठेव, तो कागद ठेव, पाया पड आणि निघ. त्यांनी दिलं तेव्हा तू पसंत आहेस का, हे विचारून दिलं नव्हतं, त्यामुळे आता त्यांना तू पसंत पडलाच पाहिजेस असं काही नाही. आणि कदाचित त्या म्हणतील, "बसा, चहा टाकते." तर बस. घाई आहे म्हणू नकोस, उपास आहे म्हणू नकोस, डबा आहे म्हणू नकोस. जेवायला म्हणाल्या तर जेव. ताटात जे येईल ते, संपव. प्रार्थना मनातल्या मनात केलीस तरी प्रभूला ऐकू येते.

रविवारी मंडळीला काही सांगावंसंच वाटलं, तर एवढंच सांग की शेवगाव रस्त्यावर एक घर आहे, त्यांनी मला जेवू घातलं. 'देवाने' म्हणू नकोस, 'त्यांनी' म्हण. देवाला ते चालतं.

काकूंनी सलाम सांगितला आहे. त्या म्हणतात, एवढं रागावून कशाला लिहिता त्या पोराला. मी रागावलेलो नाही. तुझ्याजवळ तो शर्ट अजून आहे आणि ते घर अजून तिथे आहे, एवढ्यासाठीच इतकं लिहिलं. माझ्या वेळी चुलीची दगडं उरली होती.

आलास की लगेच लिही. आजींनी काय वाढलं तेही लिही.

तुझा,
पाळककाका